हौ म्हणताना जरा जपून

नोकरी कशी शोधावी यावर आमच्या जिल्ह्यात सगळ्यांत जास्त बोलतात ते, ज्यांना ती कधी शोधावी लागली नाही. त्यांना मी काही म्हणत नाही. त्यांचा वेळ जात नाही. माझं तसं नाही. मी नोकरी शोधलेली आहे, आणि अशी शोधलेली आहे की तेरपासून परंड्यापर्यंत एकही चहाचं हॉटेल राहिलं नाही, जिथल्या बाकड्याला माझ्या बसण्यानं खळगा पडला नसेल. त्यामुळं पुढं जे सांगतोय ते अनुभवाचं आहे. थोडं वाढवून सांगत असेन, पण वाढवायला मुळात काहीतरी असावं लागतं.

मी दूध शीतकरण केंद्रावर सुपरवायझर होतो. गावोगावचं दूध गोळा करायचं, तपासायचं, थंड करायचं आणि टँकरनं पुढं पाठवायचं, एवढंच काम. पण ते मी ज्या थाटात करायचो त्याला तोड नव्हती. यंत्र नुसतं फॅट सांगायचं. मी कॅनचं झाकण उघडलं की वासावरून सांगायचो, म्हैस कुणाची, काल कुणाच्या बांधावर चरली आणि त्यावरून संध्याकाळी कुणाकुणाची जुंपली. आमचा कूलर इतका गार होता की उन्हाळ्यात गावातली सगळी कुत्री त्याच्या भिंतीला पाठ लावून झोपायची आणि उठताना शिंकायची.

मग एका सकाळी मालकानं आत बोलावून चहा पाजला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चहात वेलदोडा होता. केंद्र बंद करतोय, टँकर विकलाय, तुमच्यासारखा माणूस कुठंही चालेल, असं मालक फार मायेनं बोलले. पहिला सल्ला इथंच देऊन ठेवतो. मालक स्वतःहून चहा पाजायला लागला तर कप खाली ठेवायच्या आधी दुसरीकडं चौकशी सुरू करावी. मी दुसरा कप मागितला होता.

आता घरची गोष्ट. माझी बायको तेरच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. बदलीसाठी पुष्कळ खेपा घातल्यावर तिला आपलं माहेरचं गाव मिळालं, म्हणून मी नळदुर्गचा माणूस तेरला येऊन राहिलो. सासरे मागच्याच गल्लीत. घरजावई म्हणतात ते हेच, फक्त भाडं आम्ही भरतो. मेहुणा चाकणला असतो. केंद्र बंद झाल्याचं कळताच त्यानं तिकडं एका गोदामात माझ्यासाठी जागा बघून ठेवली. दिवाळीपर्यंत धरून ठेवतो म्हणाला. म्हणजे दिवाळीच्या आत इकडं काही मिळालं नाही तर मी चाकणला एका खोलीत चारपाच जणांत, ती इकडं तेरला, आणि भेट सुट्टीला.

बायको यावर जा म्हणाली नाही, जाऊ नका म्हणाली नाही. भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "म्हैस तुमच्याबिगर पान्हा सोडत न्हाय."

ते खरं होतं. म्हैस सासऱ्यांनी दिलेली, पण धार काढू द्यायची मलाच. मी एकदा तापात पडलो तेव्हा सासरे बसले होते तिच्याखाली. त्या दिवशी तिनं लाथाडलेली बादली तेरणा नदीच्या काठावर सापडली असं मी सांगतो. सासरे म्हणतात, अंगणातच होती. पण पोचा आलेला आहे, तो कुणालाही दाखवता येईल.

सासरे एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. सल्ला देण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. त्यांनी मला बसवून घेतलं आणि बजावलं, की नोकरी गेली हे कुणाला सांगायचं नाही. बिनकामाच्या माणसाला काम कुणी देत नाही. कुणी विचारलं तर रजेवर आहे म्हणायचं. मला ते पटलं, कारण गावात सगळ्यांत वाईट प्रश्न 'सध्या काय?' हा असतो, आणि त्याला आयतं उत्तर मिळालं.

मी रजेवर गेलो. पहिला आठवडा बरा गेला. पुढं लोक माझ्याकडं जरा वाकून बघायला लागले. एवढी मोठी रजा धडधाकट माणसाला मिळत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक. एकानं पपईची पानं आणून दिली. एकानं बार्शीच्या वैद्याचा पत्ता कानात सांगितला. शेजारच्या काकू रोज सकाळी माझ्या डोळ्यांचा पिवळेपणा तपासून बायकोला कळवायच्या. पावसाळा निम्मा संपला तेव्हा गावात माझी एक किडनी काढून झाली होती आणि दुसरीचा विचार चालू होता. मी एसटीत चढलो की लोक उठून जागा द्यायचे. ते तेवढं सोडवेना.

पण नोकरी काही येईना. म्हणून हा सल्ला नीट ऐका. नोकरी गेली की सांगावं. लाजायचं कारण नाही, आणि सगळ्यांना सांगावं. कारण माझं गाडं हललं ते मी खरं बोललो त्या दिवशी, आणि तेही मी काही धैर्य वगैरे दाखवून बोललो नाही. ओळखीचा एक खव्याच्या भट्टीवाला आहे भूमकडं. तिथं जाऊन बसलो होतो. कढईत दूध आटत होतं आणि धुरानं डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याला वाटलं, मी रडतोय. तो माझी राहिलेली किडनी विचारायला लागला. मला एकदम कंटाळा आला आणि मी सांगून टाकलं की मला काही झालेलं नाही, नोकरी गेलीय.

तो उलथणं हातात धरून थांबला. म्हणाला, "अवो मग आधी बोलायचं न्हाय का? मागल्या बाजारालाच मोटार आली हुती, त्यास्नी दुधातला माणूस पायजे. तुमी रजेवर, म्हणून म्या बोललो न्हाय."

बाहेरची एक मोठी दूध कंपनी आमच्या भागात उतरणार होती. तेरपासून परंडा, सोनारीपर्यंत शेतकऱ्यांना ओळखणारा माणूस ते शोधत होते. मी रजेवर असताना तो माणूस ते माझ्याच दारावरून पुढं जाऊन शोधत होते. भट्टीवाल्यानं कढई बायकोच्या हवाली केली आणि तिथल्या तिथं त्यांचा नंबर काढून दिला.

आता बायोडेटा. माझा पहिला बायोडेटा मी धाराशिवला बसस्टँडजवळ टाईप करून घेतला. तो इतका ऐसपैस होता की तुळजापूरच्या लॉजवर गादी कमी पडली तर अंथरता आला असता. त्यात मला पोहता येतं हे होतं. चौथीत कबड्डीत मिळालेलं बक्षीस होतं. 'छंद : वाचन' होतं. बायकोनं तो मुलांची वही तपासतात तसा समोर घेतला आणि लाल पेनानं एकेक ओळ कापत सुटली. वाचन कापताना तिनं विचारलं, शेवटचं काय वाचलं? मी आठवून सांगितलं, सरकी पेंडीच्या पोत्यावरचा मजकूर. शेवटी एक पान उरलं. कुठं काम केलं, काय काम केलं, किती गावं माहीत आहेत, फोन नंबर. मला ते पान बोडक्या झाडासारखं दिसत होतं. पण पाठवलं तेच, आणि वाचलं गेलंही तेच, हे मान्य करावं लागेल.

त्याच्याबरोबरच सांगतो, अनोळखी नंबरचा फोन उचलावा. त्याआधी मी उचलणं सोडलं होतं. कर्ज घ्या म्हणणाऱ्या एका पोरीशी माझं इतक्यांदा बोलणं झालं होतं की ती मला दादा म्हणायला लागली होती. पण बायोडेटा गेल्यावर बायकोनं दम दिला, की आता वाजेल तो उचलायचा.

फोन वाजला तेव्हा मी म्हशीखाली होतो. दोन्ही हात गुंतलेले, मांडीत बादली. म्हशीनं नुकताच पान्हा सोडला होता आणि अशा वेळी हात काढला तर ती दूध चढवते, मग संध्याकाळपर्यंत बोलत नाही. बायकोनं फोन उचलला, आवाज मोठा केला आणि माझ्या तोंडासमोर धरला. पलीकडं कंपनीचे साहेब. उत्तरेकडचे. बोलत होते इंग्रजीत, मधूनमधून हिंदी.

इथं माझ्या जिभेबद्दल सांगणं भाग आहे. नळदुर्गात आमच्या गल्लीत निम्म्या घरांत मराठी आणि निम्म्या घरांत दखनी, म्हणजे आमच्याकडची हिंदी. घरात आईला 'व्हय' म्हणायचं आणि उंबरा ओलांडला की गल्लीला 'हौ'. अर्थ एकच, हो. मराठीत मी आजही व्हयच म्हणतो. पण समोरचा हिंदी-इंग्रजीत शिरला की माझी जीभ चप्पल घालून सरळ त्या गल्लीत निघून जाते. आणि आतून भ्यालो असलो तर धावत जाते.

साहेब म्हणाले, पहिल्याच वर्षी परंड्याकडचं सगळं दूध आपल्याकडं वळवायचं आहे. मी म्हणालो, "हौ."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. मग साहेब सविस्तर सांगायला लागले. गावोगावी छोटे कूलर कसे बसवणार, शेतकऱ्याला हिशोब फोनवर कसा जाणार, बरंच काही. मी धार काढत ऐकत होतो. मला वाटलं, बोलका माणूस आहे.

ते म्हणाले, दुधात भेसळ आपल्याकडं अजिबात चालणार नाही. मी म्हणालो, "हौ." साहेब खोकले. त्याची पक्की व्यवस्था अजून ठरलेली नाही, असं जरा पडेल आवाजात म्हणाले, आणि मुद्दा लिहून घेतो म्हणाले. पुढं म्हणाले, इकडून टँकर संध्याकाळी निघून सोलापूरला वेळेत पोचलाच पाहिजे. मी पुन्हा "हौ." आता त्यांनी बाजूच्या कुणाला तरी आमच्याकडच्या रस्त्याची चौकशी केली, ती मला ऐकू आली. शेवटी ते म्हणाले, की आजवर पुष्कळ लोकांशी बोललो, पण इतके नेमके प्रश्न कुणी विचारले नाहीत. आता समक्ष भेटू.

मी बुचकळ्यात. मी एकही प्रश्न विचारला नव्हता. बायकोकडं बघितलं तर ती फोन छातीशी धरून भिंतीला घसरत खाली बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. म्हैस मान वळवून तिच्याकडं बघत होती. इतकी वर्षं मी बायकोला हसवायचा प्रयत्न करतोय, असं हसणं मला कधी मिळालं नव्हतं.

"अवो," ती म्हणाली, "तुमचं हौ त्यांना हाऊ ऐकू यायलंय. इंग्रजीतलं. हाऊ म्हंजे कसं? ते सांगायलेत करायचंय, आन तुम्ही विचारायलाव कसं, कसं, कसं."

हसू ओसरल्यावर मात्र तिच्यातली बाई जागी झाली. समक्ष भेटीत हे चालणार नाही, तोंडाकडं बघितलं की कळेल, असं तिचं म्हणणं पडलं. तिनं माझी शिकवणी लावली. भाकरी थापताना, अंगण झाडताना, वहीला कव्हर घालताना ती अचानक प्रश्न टाकायची आणि मी 'येस सर' म्हणायचं. आठवडाभरात मी असा तयार झालो की सासऱ्यांनी चहा घेता का विचारलं तरी येस सर म्हणायचो, आणि त्यांना ते आवडायला लागलं होतं.

भेट तुळजापूरला ठेवली होती, एका लॉजच्या खालच्या हॉलमध्ये. कंपनीच्या साहेबांना देवीचं दर्शनही करायचं होतं. मी आदल्या दिवशी जाऊन जागा बघून आलो. हे मात्र प्रत्येकानं करावं. तुळजापुरात पन्नास लॉज एकाच नावाचे वाटतात आणि भेटीच्या दिवशी भलत्याच लॉजवर आंघोळीचं गरम पाणी घेत बसण्याची वेळ येते. शर्टाची इस्त्री इतकी कडक झाली होती की बाहीच्या घडीनं कलिंगड कापलं असतं.

कोजागिरीची गर्दी ओसरली होती, तरी जिन्यावर भाविक होतेच. तसल्या शर्टात मी एकटाच. येणारा जाणारा मला मॅनेजर समजत होता. एका कर्नाटकातल्या आजीनं मला खोली बदलून द्यायला लावली. मी दिली. तास अर्धा तास आणखी थांबावं लागलं असतं तर माझी नोकरी तिथंच पक्की झाली असती.

आत दोघं होते. फोनवरचे साहेब आणि त्यांच्याहून वरचे एक वयस्क साहेब. दोघांच्या कपाळावर कुंकू. फोनवरचे साहेब माझं येणं बघून खुर्चीत पुढं सरकले. त्यांनी वरच्यांना माझ्याबद्दल आधीच भरपूर सांगून ठेवलं असावं. हा माणूस, म्हणाले, प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी जातो.

मी म्हणालो, "येस सर."

त्यांनी इंग्रजी-हिंदीत विचारलं, कूलर बसवायला सोनारीपासून सुरुवात करावी का? येस सर. की तेरपासून? येस सर. शेतकरी येतील? येस सर. मला बायकोचा चेहरा समोर दिसत होता आणि मी एकेक प्रश्न बिनचूक टोलवत होतो. पण जसजसे माझे येस सर पडत गेले तसतसे फोनवरचे साहेब मागं सरकत गेले. शेवटी ते खुर्चीला टेकले आणि खिडकीतून बाहेर बघायला लागले. वरच्या साहेबांनी त्यांच्याकडं असं बघितलं, की हाच का तो?

मला कळत होतं, की जातंय. हातातनं जातंय. आणि कसं थांबवायचं ते कळत नव्हतं. मला चाकणची ती खोली दिसायला लागली. मी कधी पाहिली नव्हती, पण खिळ्याला अडकवलेला माझा शर्ट मला दिसला.

वरच्या साहेबांनी आवरतं घ्यायच्या सुरात विचारलं, की निवड झालीच तर पहिली दोन वर्षं इंदूरला आमच्या मोठ्या प्लांटवर राहून इकडचं काम बघावं लागेल. तयार आहात?

येस सर जिभेच्या टोकावर होतं. पण मी भ्यालो होतो, आणि मघाशी सांगितलं तसं, मी भ्यालो की जीभ नळदुर्गला धावते.

"हौ," मी म्हणालो.

पुढची शांतता मी कुणालाही सांगताना पुरी एक घटका होती असं सांगतो. बाहेर गल्लीतली संबळ ऐकू येत होती. फोनवरचे साहेब ताडकन सरळ झाले. त्यांचा चेहरा असा उजळला, की जसं हरवलेलं जनावर संध्याकाळी आपणहून दारात यावं. वरच्या साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"बरोबर आहे," ते हळू म्हणाले. "कसं?"

मग ते दोघं आपसांत बोलायला लागले. शेतकरी इकडं, गावं इकडं, त्यांना ओळखणारा माणूस हा एकच, आणि हा इंदूरला बसला तर इकडचं दूध येणार कसं? इतक्या दिवसांत कुणाच्या हे लक्षात कसं आलं नाही? वरच्यांनी मला विचारलं, घरी कोण असतं. मी सांगितलं, बायको, तेरच्या शाळेत शिकवते, आणि एक म्हैस. म्हैस ऐकून ते हसले, पण मी हसलो नाही, तेव्हा तेही गंभीर झाले.

सगळ्यांत मोलाचा सल्ला आता देतो. तुमच्या तोंडून एखादं हौ गेलं आणि समोरच्यानं ते उचललं, तर तोंड बंद ठेवावं. समजावून सांगायला जाऊ नये. मी त्या हॉलमध्ये असा गप्प बसलो की तेवढा गप्प मी आयुष्यात कधी बसलो नव्हतो. बाकी, समोरच्याला कसं हे विचारावं, हे मला मनापासून पटलेलं आहे. काम कसं चालतं, माणूस कसा लागतो, आधीचा का गेला. हो हो म्हणणाऱ्यांनी हॉल भरून गेलेला असतो. कसं विचारणारा लक्षात राहतो. मला ते चुकून कळलं. तुम्ही ठरवून विचारा.

दिवाळीनंतर तेर सेंटरवर रुजू व्हा, असं तिथल्या तिथं ठरलं. इंदूर नाही. मी देवीच्या पायऱ्या उतरून कळसाला हात जोडले आणि घरी येणारी पहिली गाडी धरली. गाडीत एकजण उठून मला जागा देऊ लागला. मी त्याला बसवलं आणि उभ्यानं आलो.

घरी दिवेलागण झाली होती. बायको अंगणात उभी. मी सगळं सांगितलं, नेहमीप्रमाणं जरा फुगवून. साहेब उठून उभे राहिले, हात हातात घेतला वगैरे. ती ऐकत होती. हसत होती. आणि मध्येच थांबली. शिक्षिका आहे, चूक कुठं आहे ते तिला वहीवर नजर टाकली की दिसतं.

"इंदूरला राहाल का, असं त्यांनी विचारलं."

"व्हय."

"आन तुम्ही म्हणालाव, हौ."

"हौ."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं विचारलं, "कुठलं? आपलं का त्यांचं?"

मला उत्तर सुचायला कधी वेळ लागत नाही, हे जिल्ह्याला माहीत आहे. त्या दिवशी जरा लागला. गोठ्यात म्हैस हंबरली.

"त्यांचं," मी म्हणालो.

"हौ?" ती म्हणाली. तेरची बाई, जन्मात कधी तिनं तो शब्द स्वतःचा म्हणून वापरला नव्हता.

मग तिनं पोचा आलेली ती बादली माझ्या हातात दिली. "जावा," म्हणाली. "सकाळपासनं वाट बघायलीय."